काउन्सेलिंगची पहिली भेट : त्या खोलीतले नियम कोणी ठरवले?

"तुम्हाला मी एका समुपदेशकाकडे पाठवतो," असं म्हटलं की समोरचा पेशंट क्षणभर गप्प होतो. मग प्रश्न येतात आणि ते बहुतेक ठरलेले असतात. "म्हणजे डॉक्टर, मला वेड लागलंय का?" "तिथे नुसतं बोलायचं? गोळ्या नाहीत?" "घरच्यांना कळेल का?" आणि सगळ्यात शेवटी, दाराशी उठून उभं राहिल्यावर, हळू आवाजात : "पण मी तिथे बोलू काय?"

मागे एक बँकेतले गृहस्थ माझ्याकडे येत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. ईसीजी, थायरॉइड, साखर, सगळं तपासून झालं, सगळं नॉर्मल. मी समुपदेशकासाठी चिठ्ठी दिली. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा ती चिठ्ठी पाकिटातच होती, घड्यांवर झिजलेली. "दारापर्यंत गेलो होतो," ते म्हणाले. "पाटी वाचली आणि परत फिरलो. आत काय करतात तेच माहीत नव्हतं हो."

चूक माझी होती. हर्नियाच्या ऑपरेशनला पाठवताना भूल कशी देतात, टाके कधी काढतात, हे आम्ही न विचारता सांगतो. इथे मात्र नुसतं नाव-पत्ता लिहून दिलं. त्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख. काउन्सेलिंगच्या खोलीत पहिल्यांदा शिरणाऱ्याला बऱ्याच गोष्टी चमत्कारिक वाटतात : ठरलेली वेळ, समोरच्याचं फारसं न बोलणं, सल्ला न देणं, वर पुन्हा घरी करायला काहीतरी देणं. या प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे. तो वाचत गेलो तेव्हा मला एक गंमत दिसली. मोठमोठ्या डॉक्टरांची नावं ज्या पद्धतींना चिकटली आहेत, त्यातल्या बऱ्याच पद्धती त्यांना त्यांच्या पेशंटनीच शिकवल्या आहेत.

नुसतं बोलून काय होणार?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. 1880 च्या डिसेंबरात व्हिएन्नाचे नामांकित डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांच्याकडे एकवीस वर्षांची एक मुलगी उपचारासाठी आली. वडिलांच्या आजारपणात रात्ररात्र जागून त्यांची शुश्रूषा करताना ती स्वतः आजारी पडली होती. हातपाय लुळे पडत, नजर अंधुक होई, आणि मधेच ती आपली मातृभाषा जर्मन विसरून फक्त इंग्रजी बोलू लागे. ब्रॉयर रोज तिच्याकडे जात. संध्याकाळी तिला मनातलं सगळं बोलू दिलं की तिला बरं वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं. एका उन्हाळ्यात तिला पाणीच पिववेना. तहान लागे, पेला हातात घेई आणि दूर लोटे. सहा आठवडे ती कलिंगडासारख्या फळांवर राहिली. मग एके दिवशी बोलता बोलता तिने एक जुना प्रसंग सांगितला : सोबतीला ठेवलेल्या बाईचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिला होता, किळस आली होती आणि सभ्यतेपोटी ती काहीच बोलली नव्हती. तो राग बाहेर पडल्यावर तिने पाणी मागितलं आणि प्यायली.

या प्रकाराला तिनेच नाव दिलं, 'टॉकिंग क्युअर'. म्हणजे बोलण्याचा उपचार. थट्टेने ती त्याला धुराडं साफ करणं असंही म्हणे. डॉक्टरांच्या डोक्यात नाव येण्याआधी पेशंटने ते ठेवलं होतं. 1895 मध्ये ब्रॉयर आणि त्यांचे तरुण मित्र सिग्मुंड फ्रॉइड यांनी ही हकीकत 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने छापली.

पुस्तकात शेवट गोड आहे. खरा शेवट तसा नव्हता, आणि तो मी मुद्दाम सांगतो. 1882 च्या उन्हाळ्यात उपचार थांबले त्यानंतर लगेच तिला स्वित्झर्लंडमधल्या एका आरोग्यधामात ठेवावं लागलं आणि पुढची काही वर्षं अधूनमधून तिचं दुखणं उलटत राहिलं. नंतर मात्र ती सावरली. बेर्था पापेनहाइम हे तिचं खरं नाव. तिने फ्रँकफर्टमध्ये अनाथाश्रम चालवला, 1904 मध्ये जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, फसवून विकल्या जाणाऱ्या मुलींसाठी आयुष्यभर झगडली. 1954 मध्ये पश्चिम जर्मनीने तिच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं.

तेव्हा तुम्ही पहिल्या भेटीला जाल तेव्हा पाण्याच्या पेल्यासारखी जादू होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ती क्वचित होते. उलट, पहिल्या एक-दोन भेटींनंतर काही जणांना आधीपेक्षा जडच वाटतं. वर्षानुवर्षं माळ्यावर टाकलेलं सामान खाली काढलं की घरात पसारा दिसणारच. असं झालं तर काउन्सेलिंग सोडून देण्याऐवजी पुढच्या वेळी ते तसंच्या तसं सांगा.

मी तिथे बोलू काय?

फ्रॉइड सुरुवातीला पेशंटना फार प्रश्न विचारत. हे कशामुळे झालं, ते केव्हापासून, असं खोदून खोदून. त्यांच्या एका श्रीमंत विधवा पेशंटने, पुस्तकात तिचं नाव एमी फॉन एन. असं आहे, एकदा चांगलंच फटकारलं : सारखं हे कुठून आलं, ते कुठून आलं विचारू नका, मला जे सांगायचंय ते सांगू द्या. फ्रॉइडनी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे, आणि ऐकलंसुद्धा. पेशंटचं ऐकणारा डॉक्टर ही आमच्या धंद्यातली तशी दुर्मीळ गोष्ट. मी स्वतःलाही त्यात धरतो, कारण बाहेर तीस पेशंट थांबलेले असताना मीही दुसऱ्याच वाक्याला तोडतो.

म्हणून समुपदेशक गप्प बसला तर तो तुमची परीक्षा घेत नसतो. ती जागा तुमच्यासाठी सोडलेली असते. बोलायला काही सुचलं नाही तर 'काय बोलावं कळत नाहीये' इथूनच सुरुवात करा. समुपदेशकांना ते वाक्य इतकं ओळखीचं असतं, जितकं आम्हाला 'डॉक्टर, अंग दुखतंय'. पहिल्या भेटीत नाव, वय, घरी कोण कोण, झोप, भूक, दारू-तंबाखू, पूर्वीचे आजार, चालू असलेल्या गोळ्या असे साधे प्रश्न ते स्वतःच विचारतात. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही विचारतात. तो प्रश्न सगळ्यांना विचारतात, दचकू नका.

पुष्कळ जण विचारतात, तिथे कोचावर आडवं व्हायचं का? नाही, दोन साध्या खुर्च्या असतात. तो सिनेमातला कोच फ्रॉइडना 1890 च्या सुमारास एका पेशंटनेच भेट दिला होता. 1938 मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडताना तो त्यांच्यासोबत लंडनला गेला आणि आजही तिथल्या त्यांच्या घरात, आता त्याचं संग्रहालय झालंय, ठेवलेला आहे. पेशंटला झोपवून आपण त्याच्या डोक्यामागे का बसतो, याची कारणं त्यांनी 1913 च्या एका लेखात दिली आहेत. त्यातलं एक अगदी माणसासारखं आहे : दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघणं त्यांना सोसत नसे. (हिंदी सिनेमाने आता दुसरं टोक गाठलंय. 'डिअर जिंदगी'तला समुपदेशक पेशंटला गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला नेतो. तुमचा नेणार नाही.)

तोच 1913 चा लेख खरं तर 'उपचार सुरू कसे करावेत' याच विषयावर आहे. प्रत्येक पेशंटची वेळ ठरलेली असावी, ती वेळ त्याच्या मालकीची, आणि तो आला नाही तरी तिचे पैसे द्यावेत. सुरुवातीचे एक-दोन आठवडे चाचणीचे समजावेत. पैशांबद्दल आडपडदा न ठेवता आधीच बोलावं. आज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांची भेट, न कळवता गैरहजर राहिल्यास फी, पहिल्या काही भेटी एकमेकांना जोखण्याच्या, हे सगळं तिथून आलेलं आहे. तेव्हा फी किती, किती भेटी लागतील, हे पहिल्याच दिवशी विचारा. लाजू नका. नक्की आकडा कोणी देऊ शकणार नाही, पण 'चार-पाच भेटींनंतर पुन्हा बघू' इतकं तरी उत्तर मिळायला हवं.

मग सल्ला कधी देणार?

आपल्याकडची सगळ्यात मोठी निराशा इथे होते. 'समुपदेशन' या शब्दातच उपदेश बसलेला आहे, त्यामुळे माणूस उपदेश घ्यायला जातो. सासूशी कसं वागू, नोकरी सोडू का, मुलाला होस्टेलला ठेवू का? आणि समोरची व्यक्ती उलट विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" पैसे देऊन हे ऐकायचं?

काउन्सेलर हा शब्द सुरुवातीला खरोखर सल्ल्याचाच होता, आणि वेडेपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. 1908 च्या जानेवारीत फ्रँक पार्सन्स यांनी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, स्थलांतरितांच्या वस्तीत, एक केंद्र उघडलं. कारखान्यांच्या गर्दीत आपण कोणतं काम धरावं हे न कळणाऱ्या तरुण पोरांसाठी ते होतं. स्वतःला नीट ओळखा, कामांची माहिती घ्या, मग दोन्हींची सांगड घाला, अशी त्यांची रीत. ते स्वतः त्याच वर्षी वारले आणि पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. 'मला वेड लागलंय का' विचारणाऱ्यांना मी पार्सन्सची गोष्ट सांगतो. काउन्सेलिंगचं एक मूळ वेड्यांच्या इस्पितळात नाही, नोकरी शोधणाऱ्या पोरांच्या रांगेत आहे.

सल्ला मागे पडला तो कार्ल रॉजर्स यांच्यामुळे, आणि पुन्हा एका पेशंटमुळे. किंबहुना ती बाई पेशंटही नव्हती. रॉजर्स 1930 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मुलांच्या केंद्रात काम करत. एका द्वाड मुलाची आई त्यांच्याकडे येई. रॉजर्सना खात्री होती की दोष आईच्या वागण्यात आहे, ती मुलाला लहानपणी नाकारत होती. बारा भेटी त्यांनी तिला हे पटवण्यात घालवल्या. पटेना. शेवटी त्यांनी हात टेकले : आपण दोघांनीही प्रयत्न केला, जमलं नाही, थांबू या. ती कबूल झाली, उठली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारलं, "इथे मोठ्या माणसांचंही समुपदेशन करता का?" हो म्हटल्यावर ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी तुटत चाललेल्या नात्याची कहाणी तिने सांगायला सुरुवात केली. आधीच्या बारा भेटींत त्यातलं काहीच आलं नव्हतं. खरं काम तिथून सुरू झालं, आणि मुलगाही सुधारला. दुखतं कुठे हे त्या माणसालाच ठाऊक असतं, हा धडा रॉजर्सनी तिच्याकडून घेतला. 1942 च्या त्यांच्या पुस्तकात एका पेशंटच्या सगळ्या भेटी शब्दशः छापल्या आहेत, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करून उतरवलेल्या. बंद दाराआड काय चालतं, हे त्यामुळे पहिल्यांदाच बाहेरच्यांना वाचता आलं. 'पेशंट' ऐवजी 'क्लायंट' हा शब्दही त्यांनीच रुळवला. समुपदेशकाच्या तोंडी तो ऐकलात तर कोरडा वाटू शकेल, हेतू मात्र तुम्हाला आजारी न ठरवण्याचा आहे.

सल्ला न देणं प्रत्येक वेळी बरोबरच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला 'तुम्हाला काय वाटतं' विचारून भागत नाही. तिला संरक्षण अधिकारी कोण, कायदा काय, रात्री कुठे जाता येईल, हे स्पष्ट सांगावं लागतं. चांगला समुपदेशक हा फरक ओळखतो.

घरी अभ्यास

काही समुपदेशक वहीत काहीतरी लिहून आणायला सांगतात, किंवा ज्याची भीती वाटते तेच थोडं थोडं करून बघायला सांगतात. ही पद्धत अल्बर्ट एलिस यांच्याकडून आली, आणि त्यांचे पहिले पेशंट ते स्वतःच. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती वाटे. त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला लागायचं. महिनाभरात शंभर जणींशी ते बोलले. त्यातली एकच पुन्हा भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली. (आज हा प्रयोग करू नका. बाकावरच्या मुलीच्या बाजूनेही विचार करायला हवा.) 1955 च्या सुमारास त्यांनी यातून विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. महाराष्ट्रात प्रा. कि. मो. फडके यांनी तो रुजवला, आणि डॉ. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तकही मराठीत आहे.

त्याच सुमारास फिलाडेल्फियात एरन बेक यांची एक पेशंट आपल्या आयुष्यातल्या खळबळजनक गोष्टी सांगत होती आणि सांगताना अस्वस्थ होत होती. बेकना वाटलं, विषयच तसा आहे. विचारल्यावर कळलं, तिच्या मनात वेगळंच चाललं होतं : मी या डॉक्टरांना कंटाळा तर आणत नाही ना? तोंडाने एक गोष्ट आणि मनात दुसऱ्याच विचारांचा प्रवाह, हे बेकना तिथे उमगलं आणि आजच्या सीबीटी नावाच्या उपचाराला त्यातून दिशा मिळाली. तुमच्याही मनात असं येईल. 'हे मला हसत असतील', 'माझं दुखणं क्षुल्लक आहे'. ते बोलून टाका, समुपदेशकाबद्दलची नाराजीसुद्धा.

घरच्यांना कळेल का?

सर्वसाधारणपणे नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो मे 2018 पासून लागू झाला, गोपनीयता हा तुमचा हक्क केला आहे. तिला मर्यादा आहेत, आणि त्यांच्यामागे एक दुःखद प्रकरण आहे. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं होतं की तो एका मुलीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी चौकशी करून मुलाला सोडून दिलं. मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच काही सांगितलं नाही, आणि त्याने तिचा, तातियाना तारासॉफचा, खून केला. 1976 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका असेल तर त्याला वाचवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते, हे चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत सांगतो. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

यावर एक भीती हमखास निघते : आत्महत्येचे विचार येतात असं सांगितलं तर पोलीस केस होईल? विचार सांगणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न करणाऱ्यावर पूर्वी कलम 309 लागत असे. 2017 च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरून शिक्षेपासून दूर ठेवलं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम ठरवलं. तेव्हा हे लपवू नका.

घरच्यांना आत घेण्याची वेळही येऊ शकते, तुमच्या संमतीने. फ्रॉइडना नातेवाईक उपचारात आलेले अजिबात आवडत नसत. आपल्या देशात मात्र उलट वाट निघाली. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटबरोबर घरच्यांना राहायला बोलावलं. टाकून दिलेली माणसं त्यामुळे लवकर घरी जाऊ लागली, आणि घरच्यांनाही आजार कळला. नवरा, आई, मुलगा यांना एखाद्या भेटीला आणा असं कोणी सुचवलं, तर तक्रारी ऐकवण्यासाठी ते बोलावणं नसतं. नको असेल तर नाही म्हणा.

जाण्याआधी इतकं बघा : सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. समुपदेशकाचं शिक्षण काय, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, आणि गोळ्या मनाने बंद करू नका. तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर दुसरीकडे जायला हरकत नाही.

बँकेतले ते गृहस्थ शेवटी गेले. पहिली भेट त्यांनी जवळपास सगळी बदलीच्या कागदपत्रांवर बोलण्यात घालवली. निघताना वडिलांचा विषय निघाला आणि वेळ संपली. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा गेले.

प्रत्यक्ष जायला धीर होत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे. नंबर 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.